दिवाळीतील विनोदी आणि संगीत नाटके : जवळच्या नाट्यगृहात जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील आमच्या वसाहतीतून दर दिवाळीत तीस-पस्तीस माणसे एकत्र नाटकाला जातात, आणि त्या सगळ्यांची तिकिटे काढण्याचे काम गेली अठरा वर्षे माझ्याकडे आहे. नवरात्र संपले की जिन्यात, वाण्याच्या दुकानात आणि बँकेच्या रांगेत मला तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हा मजकूर तयार केला आहे. तो प्रामुख्याने पुण्या-मुंबईकडील प्रेक्षकांसाठी आहे, मात्र आमच्याकडे दिवाळीला येणारे पाहुणे विदर्भ, कोकण आणि गोव्याचेही असल्यामुळे तिकडच्या नाटकांविषयीचे प्रश्नही त्यात आले आहेत.

नाटक पाहायला दिवाळीच कशाला हवी? ते तर वर्षभर चालू असते.

वर्षभर चालू असते हे खरे आहे, पण घरातील चार पिढ्या एकाच छपराखाली असण्याचे दिवस वर्षातून दोन-तीनदाच येतात. गणपतीत घर सोडता येत नाही आणि मे महिन्यात निम्मी मंडळी गावाला असतात. दिवाळीत शाळांना सुटी असते, माहेरवाशिणी आलेल्या असतात आणि चौथ्या दिवसापर्यंत फराळाचाही कंटाळा आलेला असतो. निर्मात्यांनाही हे ठाऊक असल्यामुळे या दिवसांत विनोदी नाटकांचे प्रयोग दाट लावले जातात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणी घराबाहेर पडत नाही. खरा जोर पाडव्यापासून पुढच्या रविवारपर्यंत असतो.

शिवाय या दिवसांचा आणि मराठी रंगभूमीचा संबंध जुना आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, तो ऐन दिवाळीच्या दिवसांत. विष्णुदास भावे यांनी सांगलीला संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो. तो कधी दिवाळीच्या आधी, कधी नंतर आणि कधी नेमका दिवाळीत येतो. त्या दिवशी अनेक नाट्यगृहांत नटराजपूजन होते. जवळचे नाट्यगृह चालत जाण्याइतके जवळ असेल, तर सकाळी सहज डोकावून यावे.

कोणते नाटक कुठे लागले आहे, हे कसे कळते?

वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती हा मार्ग अजूनही सर्वांत भरवशाचा आहे. शनिवार-रविवारच्या अंकात नाट्यगृहाचे नाव, वार, वेळ आणि तिकीट खिडकी कधी उघडणार हे सगळे चौकटीत दिलेले असते. बुकमायशो आणि तिकीटालय यांसारख्या ॲपवरही बहुतेक व्यावसायिक नाटके मिळतात. परंतु हौशी संस्थांचे प्रयोग, जुन्या संगीत नाटकांचे एखाद-दुसरे प्रयोग आणि स्थानिक मंडळांचे कार्यक्रम ॲपवर येतीलच असे नाही. ते कळण्यासाठी नाट्यगृहाच्या दारातील फलक वाचावा लागतो, आणि मी तो आठवड्यातून एकदा दूध आणायला जाताना वाचतो.

या बाबतीत एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. आपल्याकडे थोर माणसे मोजकी आणि नाट्यगृहे पुष्कळ, त्यामुळे एकाच नावाची दोन-दोन नाट्यगृहे आहेत. आचार्य अत्रे रंगमंदिर कल्याणलाही आहे आणि पिंपरीलाही. विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यगृह वाशीला आहे आणि सांगलीलाही. ‘यशवंतराव चव्हाण’ म्हटले की पुणेकराला कोथरूड आठवते आणि मुंबईकराला नरिमन पॉइंट, तर माटुंग्याचे ‘यशवंत’ हे आणखी तिसरेच. ॲपवर शहर बदललेले लक्षात न आल्यामुळे माझ्या मेव्हण्याने एकदा पिंपरीऐवजी कल्याणची सहा तिकिटे काढली होती. ती पाडव्याच्या दिवशी डोंबिवलीच्या नातेवाइकांना भेट म्हणून द्यावी लागली, आणि त्यांनी ती औदार्य समजून घेतली.

तिकीट केवढ्याला पडते?

व्यावसायिक नाटकाचे तिकीट सध्या साधारणपणे दोनशे ते पाचशे रुपयांच्या दरम्यान असते. बाल्कनी स्वस्त आणि पुढच्या रांगा महाग, ही रीत सगळीकडे सारखीच. पाचशे हा आकडा वारंवार दिसतो त्यामागे एक कारण आहे. नाटकाच्या प्रवेशमूल्यावर माणशी पाचशे रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही आणि त्यापुढे लागतो, म्हणून पुष्कळ निर्माते पहिल्या रांगांचा दरही तिथेच थांबवतात. ॲपवरून काढल्यास वर सुविधा शुल्क पडते. तीस तिकिटांवर ते इतके होते की तेवढ्यात सर्वांचा मध्यंतरातील चहा निघतो, आणि म्हणून मी खिडकीवर जातो.

खिडकीवर जाण्याचा एवढाच फायदा आहे का?

खिडकीवर ‘प्लॅन’ समोर दिसतो, हा त्याहून मोठा फायदा आहे. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील तक्ता, ज्यावर विकलेल्या जागांवर पेन्सिलीने किंवा पेनने फुल्या मारलेल्या असतात. आता बऱ्याच ठिकाणी त्याची जागा संगणकाने घेतली असली, तरी खिडकीवरची माणसे तीच आहेत आणि त्यांच्या डोक्यातला तक्ता छापील तक्त्यापेक्षा अधिक खरा असतो. कोणत्या खुर्चीचा हात डुगडुगतो, कोणत्या रांगेपुढे वाट असल्यामुळे पाय पसरता येतात, कोणत्या कोपऱ्यावर वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकू येते, हे ॲप सांगत नाही. आमच्या नेहमीच्या नाट्यगृहातील खिडकीवरचे गृहस्थ मी तोंड उघडण्यापूर्वीच विचारतात, “आजी येणार आहेत ना? मग एच रांग, कडेची.” अशी ओळख व्हायला दोन-तीन दिवाळ्या जातात, पण एकदा झाली की ती फार कामाची ठरते.

बसायला उत्तम जागा कोणती?

हे नाटकावर अवलंबून आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देणे भाग आहे, कारण लोक सर्वाधिक चूक इथेच करतात.

विनोदी नाटकासाठी पाचव्या ते दहाव्या रांगेतील मधल्या खुर्च्या सर्वांत चांगल्या. विनोदी नटाचे निम्मे काम डोळ्यांत, भुवयांत आणि वाक्यापूर्वीच्या थांबण्यात असते. ते बाल्कनीच्या मागच्या टोकाला पोहोचत नाही. वर बसलेल्यांना शब्द ऐकू येतात आणि ते खालचा हशा ऐकून हसतात, म्हणजे क्षणभर उशिरा. उलट अगदी पहिल्या रांगेत बसले तर मान वर करून नटांच्या हनुवट्या पाहत बसावे लागते, आणि नेपथ्यात मागे उंचावर जिना किंवा गॅलरी असेल तर तिथे काय चालले आहे ते पूर्ण दिसत नाही.

संगीत नाटकाचा नियम मात्र वेगळा आहे. तिथे मी दुसरी किंवा तिसरी रांग मागतो आणि वादक ज्या बाजूला बसणार असतील ती बाजू मागतो. अनेक नाट्यगृहांत ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात असतात, काही ठिकाणी विंगेच्या कडेला. काही वर्षांपूर्वी ‘संशयकल्लोळ’च्या एका प्रयोगाला माझी खुर्ची ऑर्गनवाल्यांच्या अगदी पाठीमागे आली होती. त्यांनी नांदीपूर्वी, म्हणजे सुरुवातीच्या मंगलगीतापूर्वी, चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या, खिशातून रुमाल काढून पट्ट्या पुसल्या आणि अनवाणी पायांनी भाता मारायला सुरुवात केली. गद्य प्रवेश चालू असतानाही त्यांचे पाय पूर्ण थांबत नसत. पात्राच्या कोणत्या वाक्यानंतर पद सुरू होणार ते त्यांना पाठ होते, आणि त्या वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांखाली ते इतका बारीक सूर धरीत की आपण संवाद कधी संपवला आणि गाणे कधी सुरू केले हे गायक नटाच्या तोंडावरूनही कळू नये. बाल्कनीत बसून ही गोष्ट मला कधीच दिसली नसती.

याच कारणासाठी संगीत नाटक मोठ्या, हजार खुर्च्यांच्या सभागृहापेक्षा लहान नाट्यगृहात पाहावे असे माझे ठाम मत आहे. मोठ्या सभागृहात गाणे ध्वनिक्षेपकातून येते. नट डावीकडे उभा असतो आणि आवाज दोन्ही भिंतींतून येतो. आमच्याकडे भरत नाट्य मंदिरासारख्या बेताच्या आकाराच्या जागी तो बराचसा नटाच्याच दिशेने येतो. त्याहून लहान, शे-दीडशे माणसांच्या रंगमंचावर एखाद्या संस्थेने नाट्यपदांसह प्रवेश सादर केले तर ध्वनिक्षेपकाची गरजही पडत नाही. असा योग आल्यास पहिल्या पसंतीचे व्यावसायिक नाटक पुढच्या आठवड्यावर ढकलावे.

मला शास्त्रीय संगीतातले काही कळत नाही. संगीत नाटकात मी कंटाळणार नाही का?

‘संगीत नाटक म्हणजे जड आणि विनोदी नाटक म्हणजे हलकेफुलके’ ही वाटणी ज्याने कोणी केली, त्याने जुनी नाटके पाहिलेली नसावीत. किर्लोस्करांचे १८८२ सालचे ‘संगीत सौभद्र’ हे मुळात एका घरातील लग्नाच्या गोंधळाचे नाटक आहे. थोरल्या भावाने ठरवलेले स्थळ बहिणीला नको आहे, धाकटा भाऊ कृष्ण आतून सूत्रे हलवतो आहे आणि अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन त्याच घरात पाहुणचार झोडतो आहे. पात्रे पौराणिक असली, तरी घर आपलेच आहे.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ तर नखशिखान्त विनोदी आहे. देवलांनी ते आधी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ या नावाने गद्यात लिहिले होते. त्याचे मूळ इंग्रजीमार्गे फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जाते. पुढे पदांची भर पडून १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात रंगभूमीवर आणले. एका तसबिरीवरून नवरा बायकोवर आणि बायको नवऱ्यावर संशय घेते, आणि त्या दोघांच्या भांडणात एक प्रेमी जोडपेही सापडते. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या अशी पात्रांची नावेही महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून घेतली आहेत. पंचांग हाताशी असलेल्या दिवाळीच्या दिवसांत मुलांना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते.

राग ओळखता येण्याची काहीही आवश्यकता नाही. पूर्वी ही नाटके रात्रभर चालत आणि प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’मुळे एकेक पद पुनःपुन्हा होई. आजचे प्रयोग काटछाट करून तीन-साडेतीन तासांत बसवलेले असतात. कंटाळा आलाच तर तो बहुधा दुसऱ्या अंकाच्या मध्यावर येतो. त्या सुमारास शेजाऱ्याकडे पाहावे, कारण तो डोळे मिटून मांडीवर ताल धरीत असतो आणि हमखास समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, चुकतो.

विनोदी नाटक घरातील सर्वांसोबत पाहण्यासारखे आहे की नाही, हे आधी कसे ओळखावे?

जाहिरातीत ‘कौटुंबिक’ असा शब्द असला की लोक निर्धास्त होतात. तो शब्द कोणीही छापू शकतो. मी तीन गोष्टी पाहतो. नाटक पन्नासाव्या प्रयोगाच्या पुढे गेले आहे का, दुपारच्या प्रयोगांनाही गर्दी होते का, आणि ते पाहून आलेल्या दोघांनी कथानक सांगितले की फक्त विनोद सांगितले? कथानक सांगता आले तर नाटक चांगले असते. नुसते विनोदच आठवत असतील तर ते प्रहसनांची माळ असण्याची शक्यता जास्त, आणि अशा माळेत द्व्यर्थी मणी असतातच. सासू आणि जावई शेजारी बसणार असतील तर हा विचार आधीच केलेला बरा.

कलाकार ऐनवेळी संहितेबाहेरचे बोलतात, हे खरे आहे का?

खरे आहे, त्याला नाटकवाल्यांच्या भाषेत ‘ॲडिशन’ म्हणतात. दिवाळीच्या प्रयोगात चकली बिघडल्याचा किंवा गावातील खड्ड्यांचा उल्लेख आला, तर तो बहुधा त्याच दिवशीचा असतो. चांगला नट एखाद-दुसरी ॲडिशन घेतो आणि सहकलाकाराला रुळावर परत आणून सोडतो. मध्यम नट टाळी मिळाली की तिथेच तंबू ठोकतो, आणि मग अडीच तासांचे नाटक तीन तासांचे होते. मालवणी नाटकांत मात्र या उत्स्फूर्तपणाला वेगळीच प्रतिष्ठा आहे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली आले, त्यात गावातील हौशी मंडळी महाभारतातले नाटक बसवतात आणि त्याचा जो बोजवारा उडतो तोच खेळ आहे. त्यातले प्रमुख नट मच्छिंद्र कांबळी यांनी जे केले ते संहिता हातात घेऊन बसणाऱ्याला सापडणार नाही.

लहान मुलांना न्यावे का?

सात-आठ वर्षांपुढील मुलांना अवश्य न्यावे. त्याहून लहानांसाठी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत स्वतंत्र बालनाट्ये लागतात, ती निवडावीत. मराठीतील बालनाट्याला चांगली परंपरा आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघात ‘मधुमंजिरी’ रंगवून त्याची पद्धतशीर सुरुवात केली, आणि रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ साली नव्याने आले तेव्हा आजोबा-आजी आपण लहानपणी पाहिलेली चेटकीण नातवंडांना दाखवायला घेऊन आले. बालनाट्यात मुले मोठ्याने ओरडून नायकाला सावध करतात. त्यांना गप्प करू नये, कारण कलाकारांना तेच हवे असते.

मोठ्यांच्या नाटकात मूल रडू लागले तर पाच मिनिटे वाट न पाहता त्याला बाहेर न्यावे. काही जुन्या नाट्यगृहांत मागे काच लावलेली ‘क्राय रूम’ असते, पण ती उघडी असतेच असे नाही.

वृद्ध किंवा चालताना त्रास होणाऱ्या माणसांची सोय असते का?

याबाबत मी गोड बोलणार नाही. नव्या नाट्यगृहांत उतार आणि उद्वाहक (लिफ्ट) असतात. जुन्यांपैकी काहींचे प्रेक्षागृहच पहिल्या मजल्यावर आहे आणि आतल्या पायऱ्या अंधारात दिसत नाहीत. एका नाट्यगृहात आमच्या वसाहतीतील एका काकूंना खुर्चीत बसवून दोघांनी वर नेले होते, कारण उद्वाहकाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ भाऊबीजेला गेले होते. तेव्हापासून मी तिकीट काढतानाच उद्वाहक चालू आहे का, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे आणि गाडी दारापर्यंत येते का, हे तीन प्रश्न विचारतो. ‘सगळे आहे’ एवढेच उत्तर आले तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहून येतो.

दुपारचा प्रयोग चांगला की रात्रीचा?

पुण्यात साधारणपणे दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशा वेळा असतात. दुपारी प्रेक्षक जेवून आलेले असतात आणि पहिली वीस मिनिटे हशा जडावलेला असतो. रात्रीचा प्रयोग रंगतो, पण तो सुटतो मध्यरात्रीनंतर, आणि रिक्षा मिळणे हे दुसरे नाटक सुरू होते. घरची सर्व मंडळी असतील तर साडेपाचचा प्रयोग सोयीचा.

मध्यंतर आणि खाणे?

मध्यंतर पंधरा मिनिटांचे सांगतात आणि ते वीस मिनिटे चालते. बटाटेवडा घ्यायचा असेल तर पडदा पडत असतानाच उठावे, पण पद चालू असताना उठू नये. घरचा चिवडा पिशवीत नेऊन अंधारात खाणाऱ्यांविषयी मी इतकेच म्हणेन की प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो.

भ्रमणध्वनीबाबत एवढी सक्ती का करतात?

कारण रंगमंचावरील माणसाला भ्रमणध्वनीच्या पडद्यांचा उजेड दिसतो आणि घंटी ऐकू येते. विनोदी वाक्याची सगळी भिस्त वेळेवर असते. ते वाक्य तोंडातून निघण्याच्या क्षणी दहाव्या रांगेत भूपाळी वाजली की ते मेले, पुन्हा म्हणता येत नाही. चित्रीकरण तर करूच नये. आपल्या शेजारच्याने ते सुरू केले तर त्याच्या हातावर हळूच हात ठेवावा. मी हा उपाय अनेकदा केला आहे आणि एकदाही भांडण झालेले नाही.

प्रयोग रद्द झाला तर पैसे परत मिळतात का?

मिळतात. ॲपवरून काढलेल्या तिकिटांचे पैसे खात्यात जमा होतात आणि खिडकीवरच्या तिकिटांचे तिकीट दाखवून घ्यावे लागतात, म्हणून अर्धे तिकीट फाडल्यानंतरही उरलेला तुकडा जपून ठेवावा. कलाकार आजारी असणे, दौऱ्यावरची बस अडकणे अशी कारणे असतात. नाट्यगृहच बंद असण्याचे प्रसंगही येतात, कारण आपली बहुतेक नाट्यगृहे जुनी आहेत आणि त्यांच्या दुरुस्त्या लांबतात. शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या आठवड्यात आमच्याकडच्या खिडकीवर नाटकाऐवजी त्याचीच चर्चा चालू होती.

व्यावसायिक नाटक परवडत नसेल तर?

शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि तिची प्राथमिक फेरी अनेक शहरांत होते. तिकीट नाममात्र असते. संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी असते, तिच्यावर लक्ष ठेवावे. प्रयोग कधी फसतात, कधी नेपथ्यातील दार उघडत नाही, पण बँकेत काम करणारा, शाळेत शिकवणारी अशी आपल्या ओळखीची माणसे त्यात उभी असतात. एका वर्षी आमच्या औषधांच्या दुकानदारांनी संशयी नवऱ्याचे काम इतके अप्रतिम केले की त्यांच्या दुकानात सुटे पैसे मोजून घेताना मला अजून हसू येते.

आम्ही दिवाळीत गडचिरोलीकडे असतो. तिकडे नाट्यगृह जवळ नाही. काय पाहावे?

तुमच्याकडे जे आहे ते पुण्याला नाही, हे आधी लक्षात घ्यावे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या भागातील झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीपासूनच सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुण्यांना आवतण जाते आणि मंडईच्या रात्री नाटक असते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. गावचे मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते. नाट्यगृह एका रात्रीपुरते उभे राहते. मोकळ्या जागेत मंच बांधतात आणि मागच्यांना दिसावे म्हणून प्रेक्षकांच्या बाजूची जमीन उतरती खणतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, त्यात रडवणारे कथानक, हसवणारे पात्र, गाणी आणि लावणी असे सर्व असते. नट स्वतः गातात आणि वादक समोर बसलेले असतात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

गेल्या काही वर्षांत मी एकदाच हे नाटक पाहिले आहे. जाणाऱ्यांनी स्वेटर, कानटोपी आणि घोंगडी न्यावी, आणि संध्याकाळी झोप काढून जावे. मी झोप न काढता गेलो होतो, त्यामुळे तिसऱ्या अंकातील खुनी कोण हे मला यजमानांकडून कळले.

कोकणात आणि गोव्यात?

कोकणात कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार हे लोकनाट्य सुरू होते. त्यात सुरुवातीच्या भागातील संकासुर या राक्षसाचे सोंग विनोदी असते, संवाद लिहिलेले नसतात आणि तिकीट बहुधा नसतेच. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरी स्वतः मराठी नाटके करतात, त्यांत संगीत नाटकांचे प्रमाण मोठे. गायक नट मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या मंगेशी गावाच्या परिसरात हे आश्चर्य नव्हे. कोकणी समजत असेल तर नाताळाच्या सुमारास तियात्र हा कोकणी नाट्यप्रकारही पाहावा. त्याचा पहिला प्रयोग मात्र गोव्यात नव्हे, तर १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला होता. कथानकाच्या प्रवेशांच्या मधे स्वतंत्र गाणी येतात आणि त्यांत चालू राजकारणाची जी खिल्ली उडवली जाते ती ऐकून मराठी प्रेक्षकाला हेवा वाटतो.

परदेशात असलेल्या आमच्या मुलांना काही पाहायला मिळते का?

मिळते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली अनेक मंडळे आहेत. दिवाळीच्या सुमारास ती शाळांची सभागृहे घेऊन स्वतःच विनोदी नाटके आणि एकांकिका बसवतात. तिकडे प्रयोग दिवाळीच्या दिवशी नव्हे, तर जवळच्या शनिवारी होतो आणि सभागृह ठरलेल्या वेळेला रिकामे करावे लागते, त्यामुळे प्रयोग वेळेवर सुरू होतो. आपल्याकडून फराळाच्या डब्यासोबत कोणी जुनी संहिता पाठवली तर ती मंडळी खुश होतात.

तिसरी घंटा झाल्यावर आत सोडतात का?

विनोदी नाटकाला बहुधा सोडतात, आणि बॅटरीवाला खुर्चीपर्यंत पोहोचवतो. संगीत नाटकाला मात्र नांदी सुरू झाली असेल तर दारातच उभे राहावे आणि ती पूर्ण झाल्यावर आत जावे. आमच्या गटाची तिकिटे माझ्याकडे असतात आणि मी दुसऱ्या घंटेपर्यंत दाराशी, नारळपाण्याच्या गाडीशेजारी उभा असतो. त्यानंतर येणाऱ्यांची तिकिटे त्यांच्या नावाने दारावरच्या माणसाकडे ठेवलेली असतात. यंदा पाडव्याच्या साडेपाचच्या प्रयोगासाठी ज्यांना यायचे असेल त्यांनी माणसांची संख्या, जिने चढू न शकणाऱ्यांची नावे आणि पैसे नवरात्र संपायच्या आत माझ्याकडे द्यावेत. ऑर्गनमागच्या दोन खुर्च्या मात्र मी आधीच मागून ठेवल्या आहेत.